कोरडं ठेवायचं ते

डाव्या बाजूचं पुढचं चाक उतरवून ठेवलंय
आणि कामिलो सर बाकावर बसलेत,
हातात अर्धी पोय.
त्यांना सात वीसची फेरीबोट गाठायची आहे, दिवाडीची.
मी घड्याळाकडे बघत नाही.

कॅलिपर तारेने टांगला.
ब्रेकच्या नळीवर त्याचा भार पडू द्यायचा नसतो,
हे बाबांनीच शिकवलं.
वरची पिन सुटली. खालची सुटेना.
हातोडी उचलली नाही,
पकडीत धरून डावीकडे, उजवीकडे,
सुजलेल्या बोटातली अंगठी फिरवावी तशी.

निघाली तेव्हा अंगभर तपकिरी खरवड,
आणि तिचा रबरी बूट
भिजत घातलेल्या वालासारखा फुगलेला.
ही सूज मी ओळखते.
हे माझंच काम, दोन पावसाळ्यांपूर्वीचं.

तेव्हा आमच्याकडे एकच डबा होता,
पिवळा, झाकण हरवलेला, वर पत्र्याचा तुकडा.
चेसिसचं ग्रीस.
बाबा त्यातूनच सगळं भागवायचे:
ट्रकचे सांधे, गॅरेजचं शटर,
शाळेच्या घंटेची कडी,
फातिमाबायच्या विहिरीचा रहाट.
देवाच्या रथालाही हेच लागतं, म्हणायचे.
आणि लोखंडावर लोखंड घासतं तिथे
त्यांचं कधी चुकलं नाही.

पण पिन रबराच्या कुशीत राहते.
त्या डब्यातलं तेल रबराला लाडावतं,
फुगवतं,
आणि मग रबर पिनेला सोडतच नाही.
एक पॅड झिजून पत्र्याला टेकलं,
दुसरं नव्यासारखं जाडजूड.

गेल्या अमावास्येच्या भरतीला
सरांची गाडी रायबंदरच्या उतारावर एका अंगाला ओढली गेली.
थांबली,
पण थांबायला हवं होतं त्याच्या दीड हात पुढे.
पुढची दोन्ही चाकं मांडवीत.
खलाशाने शिट्टी फुंकली.
मासळीची पाटी घेतलेली एक बाई
काही न बोलता दोन पावलं बाजूला झाली.
मला हे त्या बाईकडून कळलं.
सर एवढंच म्हणाले,
जरा डावीकडे ओढते गं, बघशील?

आता क्लीनर, मग फडकं, मग पुन्हा क्लीनर.
नवा बूट. त्याचे पैसे लावणार नाही.
पिनेला सिलिकॉनचं, ट्यूबमधलं;
एवढुशा ट्यूबचे साडेतीनशे, बाबा अजून हळहळतात.
तेही पातळ. ठासून भरलं तर आत हवा कोंडते
आणि पिन बाहेर ढकलली जाते.
पॅडच्या कानांना दुसरं, राखाडी, आग सोसणारं,
बाळाला तीट लावावी तेवढं.
पॅडच्या पाठीला तेच.
पोटाला काही नाही.
डिस्कला काही नाही. तिथे तेलकट बोटसुद्धा नको.

आगुस्तीन टॅक्सीवाला दारातून विचारतो,
खोबरेल चालेल का? घाण्याचं आहे, घरचं.
मी म्हटलं, केसांना.
त्याने टोपी काढून टक्कल दाखवलं.

सर, मी म्हटलं, ते मागचं काम माझं होतं.
माहीत आहे, ते म्हणाले,
आणि उरलेली पोय कागदात गुंडाळली.

बाबा खुर्ची सरकवत जवळ आले.
ट्यूबचं तोंड हुंगलं.
वासच नाही याला, म्हणाले,
ग्रीस म्हणायचं कशावरून?
मग अंगठ्याने पिन आत दाबली.
गेली.
सोडली, तर सावकाश परत आली,
आवाज न करता.
त्यांनी पुन्हा दाबली.
पुन्हा.
खाली धक्क्यावर फेरीचा भोंगा झाला.
सर उठले नाहीत.
पुढची सात पन्नासला आहे.