संक्रांत नव्वद

शुक्रवारची नमाज आटोपली
की अल-राईच्या पत्र्यांखाली
लोकांची घरं उताणी पडलेली असतात.

कुणाचा इस्त्रीचा पाट, कुणाच्या कवळीचा साचा,
एक झुंबर, सात लोलक गायब
(मोजले मी. मोजल्याशिवाय भाव पाडता येत नाही),
आणि उलट चालणारं घड्याळ.
"सदीक, हे उलटं चालतंय."
"म्हणून तर स्वस्त. घ्या, तरुण व्हाल."

नाही घेतलं.
मागच्या महिन्यातला मोराच्या आकाराचा टेलिफोन
अजून फ्रिजवर बसून आहे.
वाजत नाही. पण मारीबेल येताजाता
त्याला हॅलो म्हणते.

मारीबेल माझी रूममेट, इलोइलोची.
तिला भाव करता येत नाही.
ती आधी हसते, मग पूर्ण पैसे देते.
मी तिला शिकवते :
हवं ते सोडून शेजारचं उचल.
नाक मुरड. ठेव. निघ.
सात पावलं.
आठव्याला हाक आली नाही तरी चालत राहा,
मान वळली की दिनार गेला.

माझ्या रक्तातच आहे हे.
मिरजेला आमची आई कोथिंबिरीच्या एका जुडीपायी
भाजीवालीच्या सासूचा गुडघा, दिराची नोकरी,
सगळं विचारून यायची
आणि वर कढीपत्ता फुकट.

तर अबू हमादाच्या गालिच्यावर,
तुटक्या हेअर ड्रायरच्या आणि एकट्या बुटाच्या मध्ये,
तीन पायांवर उभं होतं ते.
"हे काय?" मी विचारलं.
मला माहीत होतं.
"कॉफीचं," तो म्हणाला.
मग उलटं करून, "दिव्याचं."
मग भोकांमधून माझ्याकडे बघत जरा विचारात पडला
आणि डोक्यावर घातलं,
तीन पाय आभाळाकडे.
"टोपी! रुबा दिनार, खलास."

रुबा!
अडीचशे फिल्सना पुरणयंत्र, दांड्यासकट!
इथेच मी गप्प बसायचं होतं.

पण त्याच्या कपाळावर,
म्हणजे यंत्राच्या पोटावर,
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं :
उखाणे स्पर्धा, प्रथम क्रमांक
सौ. मंदाकिनी द. उकिडवे
संक्रांत ९०
आणि मी ते मोठ्यांदा वाचलं.
भर बाजारात, मराठीत,
बक्षीस द्यायला पुकारावं तसं.

अबू हमादानं टोपी काढली.
माझ्या तोंडाकडे पाहिलं.
"दोन दिनार."

मी निघाले. पाच, सहा, सात.
मंदाकिनीबाई, तुमच्या संक्रांतीनंतरचा ऑगस्ट
मी फक्त वाचलाय.
घर सोडताना काय उचललं असेल तुम्ही?
पासपोर्ट. पोरं. पाटल्या.
पुरणयंत्र कोण घेतं, होळीला केवढा अवकाश होता.
आठ.
हाक नाही.
नवव्याला माझी मान वळली.

दीडला दिलं त्यानं. आखिर कलाम.
बारीक जाळी नव्हतीच, तिचे सुद्धा पैसे घेतले असणार.

घरी मारीबेलनं त्यात जांभळी रताळी घातली.
दांडा कुरकुरला, मग जरा आठवल्यासारखं करून फिरला,
खाली जांभळे जांभळे शेवये.
तिला म्हटलं, हे बक्षीस आहे.
नवऱ्याचं नाव कवितेत लपवून घेतल्याबद्दल.
"मग घे ना तू," ती म्हणाली.
माझ्याकडे घ्यायला नाव नाही, हे तिला ठाऊक आहे,
पण ती घासाघीस करतच नाही कधी.

मी पदर नसताना पदर सावरला :
"दीड दिनारचं यंत्र, त्याला तीन पाय,
द. चं नाव घेते, पण द. म्हणजे काय?"

दत्तात्रय? दिगंबर? दामोदर?
मारीबेलनं हात पुसले,
मोर कानाला लावला,
आणि अगदी दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली,
"हॅलो, मिस्टर द. आहेत का?"