शेवटच्या चार ओळी

लिगाया दिमायुगा सोमवारी रात्री मजकूर पाठवायची,
साडेनऊनंतर, म्हणजे दातांच्या दवाखान्याचं शटर पडल्यावर.
दिवसा ती तिथे अक्कलदाढांच्या तारखा लिही,
रात्री मनिलाच्या नट्या.
एका रकान्याचे पाच दिनार, तेही तिसऱ्या महिन्यात.

मी पान लावणारा. गाव दाभोळ, मुक्काम गुदैबिया.
तिची भाषा मला ओ की ठो कळत नव्हती.
मला कळायची लांबी.
मजकूर बोटभर उतू गेला की मी खालून कापायचो,
बातमीचा जीव वर असतो, शेपूट खाली, असं मला शिकवलेलं,
आणि खाली कार्गोवाल्याची जाहिरात ठरलेली:
दारापासून दारापर्यंत, खोका कितीही जड असो.

एकदा चहावर तिने सांगितलं.
सतराव्या वर्षी स्टुडिओच्या फाटकाशी उभी राहायची,
नट्यांवर छत्री धरून. छत्री हिची, भिजायचीही हीच.
कोण कुणाच्या गाडीतून उतरलं ते वहीत.
एका पोरीबद्दल तिला सगळं ठाऊक होतं,
दवाखाना, तारीख, पैसे कुणी भरले,
आणि संपादक म्हणाला, लिही, उद्यापासून कायम करतो.
"मग?"
"मग काय. बहरीन."
तिने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटलं.
बराच वेळ चमच्याने शोधत बसली.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये कुणीतरी गायला यायचा,
उतरणीला लागलेला, केस रंगवलेला, विमानतळावरून थेट.
मुलाखतीला लिगायाला सात मिनिटं.
मीही गेलो एकदा, पास फुकटचा होता.
तो गात होता, पोरी रडत होत्या,
आणि ही स्टेजकडे पाठ करून
मागच्या रांगांमधून वाकून वाकून फिरत होती.
म्हटलं, बाई कामचुकार आहे.

अकरा वर्षं अशी गेली.
मग मालकाने अंक बंद करायचं ठरवलं.
शेवटच्या सोमवारी ती स्वतःच आली,
माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.
हात सवयीने खाली गेला,
शेवटच्या चार ओळी निळ्या झाल्या.

"ती नावं आहेत," ती म्हणाली.
"कुणाची?"
"आलेल्यांची."
रिफातल्या बंगल्यात जुळी सांभाळणारी,
जिला महिन्यातून एक शुक्रवार मिळतो.
मुहर्रकची स्वयंपाकीण, जिला ऐनवेळी तोही मिळाला नाही,
पण नाव तिने आधीच देऊन ठेवलेलं.
पेपरात येईल, घरी पाठवा, असं ही सगळ्यांना सांगायची.
त्या खोक्यात अंक घालायच्या, साबण आणि टॉवेलच्या मध्ये, घडी न मोडता.
तिकडे आया पान उलटसुलट करून शोधायच्या.

"आधी का नाही बोललीस?"
"बोलले होते. दोनदा. जागा नाही म्हणालास."
मला आठवत नाही. म्हटलं असेन.
सगळ्यांनाच म्हणायचो.

गायकाला मी गुडघ्यापासून कापला, मग कमरेपासून,
तरी एक ओळ उरे.
मग कार्गोवाल्याचा खोका बारीक केला.
तो ओरडला असता, पण ओरडायला पुढचा अंक नव्हता.
तिने पडद्यावर बोट ठेवून नावं मोठ्याने वाचली,
रोवेना, जेनालिन, दोलोरेस, ॲपल मे.
"ॲपल मे असं खरंच नाव असतं?"
"असतं. इसा टाऊनला असते ती."

सकाळी छापून आलं तेव्हा दिसलं,
ग्लोरिफेचं मी ग्लोरिया करून टाकलं होतं.
लिगाया तोवर विमानतळावर होती.
ती ग्लोरिफे रिफातली की मुहर्रकची, विचारायचं राहिलं.

आता मी सिमेंट कंपनीचं मासिक लावतो.
गुदैबियाच्या दुकानात गल्ल्यावर एखादी बाई दिसली
की तिच्या छातीवरची पट्टी आधी वाचतो.
परवा एक जण वैतागून म्हणाली,
काय बघताय, सुटे द्या.