सहा किलो हवा

रात्री दोनला मोटर आपोआप सुरू होते.
कुणी बटण दाबलेलं नसतं.
टाकीतली हवा कुठूनतरी निघून गेलेली असते
आणि काटा चाराखाली आला की
स्विच आपलं काम करतो, प्रामाणिकपणे.

वरच्या मजल्यावरचे चिलवेरी
सोळा मागांच्या खडखडाटात गाढ झोपतात,
माझ्या मोटरनं मात्र उठतात.
सकाळी जिन्यात गाठतात:
"काय बे वेणू, रात्रीचं कुणाचं पंक्चर काढतो?
आवाजाचं काय नाही, खाट हलते."

सेकंडहँड घेतलेला. निळी टाकी, पन्नास लिटर,
दोन चाकं, आणि पायाला रबराऐवजी
जुन्या चपलेचा तुकडा.
ह्यावर मी मागांवरचा कापूस उडवतो,
ह्या शेडमधून त्या शेडमध्ये,
टॉवेलचे माग, चादरीचे माग.
दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांची नाकं साफ करायची
आणि घरी आपल्याच यंत्राला गळती.

सापडणार तरी कशी?
भद्रावती पेठेत भिंतीपलीकडं बोलायचं तर
ओठ वाचावे लागतात.
सुईच्या टोकाएवढ्या भोकाचं कोण ऐकतो.

मग गुरुवारी वीज गेली.
एकदम. सगळी गल्ली.
आधी कबुतर ऐकू आलं,
मग समोरच्या ओट्यावर
विडीची पानं कापणारी कात्री,
मग कुणाचीतरी उचकी,
आणि मग, टाकी भरलेलीच होती,
माझ्याच घरातून
स्स्स्स्स
जसं काही महिनोन्महिने कुणी
दात आवळून काही म्हणत होतं.

ऐकू आलं, पण कुठून ते कळेना.
नाना माझं तोंड बघत बसले होते.
एकेचाळीस वर्षं मागावर, कान तिथंच राहिले.
उठले. जिभेनं ओठ ओले केले,
पोराचा ताप बघावा तसा
गाल पाइपाजवळ नेला,
हळूहळू सरकवला,
आणि स्विचमागच्या नटापाशी थांबले.
"गाली," म्हणाले.

दारातून क्षीरसागरांचा पोरगा फिदीफिदी हसला:
आजोबा शिवी देतायत!
नाही रे. आमच्या तेलुगूत गाली म्हणजे हवा.
तुमच्यात शिवी.
तोंडातूनच निघतात दोन्ही.

नानांचा दाढीचा ब्रश, वाटीत फेस.
नटावर लावला, बुडबुडे.
खालच्या कॉकवर लावला, द्राक्षांचा घड.
हवा सोडली सगळी, काटा शून्यावर,
घाईत पाना लावून एकदा बोट फुटलंय माझं.
तळातून आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं.
नॉन-रिटर्न वॉल्व्ह उघडला तर
रबराच्या चकतीखाली
एक धागा. गुलाबी.
कुठल्या टॉवेलचा, कुठल्या शेडचा,
तोंडावरची जाळी फाटलेली, तिथून गेला असणार.
एवढ्याशा धाग्यानं
झडप मिटत नव्हती.

मी टेफ्लॉन टेप गुंडाळली.
नानांनी काही न बोलता सोडली
आणि उलट्या दिशेनं गुंडाळली.
तेव्हा कळलं, इतकी वर्षं
नट आवळताना मी टेप उकलत होतो.

वीज आली. माग आले.
सहा किलो भरली हवा.
आता ऐकून उपयोग नव्हता, पुन्हा ब्रश फिरवला.
गेजच्या मानेशी एक बुडबुडा
फुगत होता, फार सावकाश,
फुटायचंही त्याच्या जिवावर आलेलं.
मी पाना उचलला.
नानांनी मनगट धरलं:
"उंडनी."
असू दे.

रात्री दोनला जाग आली, सवयीनं.
मोटर गप्प.
वर खाट कुरकुरली,
चिलवेरीही जागे होते.

सकाळी नानांनी त्याच ब्रशनं दाढी केली.