अनुस्वार

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. भिशीच्या आम्ही सातजणी.
ट्रॅव्हलवाला म्हणाला, "काकू, काठमांडूला आधार नाही चालायचं.
पासपोर्ट, नाहीतर मतदानाचं कार्ड."

कार्ड निघालं शिलाई मशीनच्या खणातून, बॉबिनांखालून.
फोटोत मी एकतीस वर्षांची,
डोळे अर्धे मिटलेले.
नाव शेवंता नव्हे, शेवता.
अनुस्वार कुठल्याशा कचेरीत गळून पडला असेल.
पतीचे नाव मात्र बिनचूक.
जो सोडून गेला
त्याच्या वेलांटीलाही धक्का नाही.

खाली गेटवर डंबर गाड्यांचे नंबर उतरवत होता.
त्याचं गाव अछाम.
दर दोन वर्षांनी बनबसाच्या पुलावरून चालत जातो,
डोक्यावर कुकर, मिक्सर, मागच्या खेपेला आमचा जुना पंखा.
"तिथे काय दाखवतोस रे?"
"बॅग," म्हणाला. "माणसाला कोण बघतो, मावशी."

पहाटे विमानतळावर
काउंटरवरच्या मुलीने कार्ड पाहिलं,
मला पाहिलं,
परत कार्ड.
"ह्या तुम्हीच?"

मागे सहाजणी ताटकळलेल्या.
काय सांगणार होते?
चष्मा काढला
आणि डोळे
अर्धे मिटून दाखवले.