अर्थिंगचा खड्डा

झुलेखा आपांनी पिशवी टेबलावर पालथी केली.
अकरा कॅसेटी. एकीची फीत पोटाबाहेर आलेली,
पेन्सिल घालून ती गुंडाळण्यातच माझी सकाळ गेली.
त्यांचे मिस्टर जुबैलला होते तेव्हाची ही पत्रं.
लिहायला हात वळत नसे म्हणे त्यांचा,
म्हणून बोलत. सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत
साबण, अत्तर, आणि हे.

"कॉम्पुटरात घाल," म्हणाल्या, "नातीला आयकू दे."

घातलं. तर बोलण्याच्या खाली
एक घूं.
रिकाम्या मडक्यात भुंगा अडकावा तशी.
माउस हलवला की तिच्यावर चिर्र,
पान सरकवलं की पुन्हा चिर्र.
मी आधी कॅसेटीलाच दोष दिला.
मग टेप बंद केला.
घूं चालूच.

माइक म्यूट केला. चालूच.
केबल बदलली. जॅकवरचं हिरवं किटण
जुन्या टूथब्रशने खरवडलं
(दाभोळात तांब्याला दर वर्षी मिशा फुटतात).
साउंड कार्ड खालच्या स्लॉटात हलवलं,
पॉवर सप्लायच्या शेजारातून लांब.
चिर्र गेली. घूं होती तिथेच बसलेली,
सोयरीक ठरल्याशिवाय न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.

चप्पल दाराशी काढलेली. मनगट कॅबिनेटला लागलं
आणि कोपरापर्यंत मुंग्या.
टेस्टर टेकवला. लाल.

दुकानामागे, टाकीच्या अंगाला, चार वर्षांपूर्वी
विठू गोताडने जांभ्यात पहारीने खणलेला खड्डा.
"ह्यो दगड पाणी धरत नाय," तो म्हणाला होता,
"उन्हाळ्यात आठवड्याला एक कळशी वत."
मी हो म्हटलं होतं.
झाकणावर शेजारणीचे बांगडे सुकत होते,
ते एकेक उचलून तिच्या सुपात ठेवले.
खाली कोळसा कोरडा ठणठणीत,
आणि तार बोटाने मोडली, बिस्किटासारखी.

खाऱ्या वाऱ्याला रोज शिव्या देणारी मी,
वाण्याकडून चार किलो खडेमीठ आणून
जमिनीला भरवत होते.
नवी तार. नवा नटबोल्ट. दोन बादल्या पाणी.
खड्ड्याने ते घोटाघोटाने घेतलं, आवाज करत.

परत येऊन हेडफोन लावला.
काहीच नाही. फक्त धोपाव्याच्या बाजूने
फेरीबोटीचा भोंगा, तोही खिडकीतून.

मग कॅसेट लावली. कौलं बदलून घे, ते सांगत होते,
पैसे बशीरकडे दिलेत, मोजून घे.
आणि त्याच्याखाली पुन्हा.
बारीक. किंचित चढ्या सुरात.

पडद्यावर मोठी करून पाहिली.
आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते,
माझी घूं पन्नासावर उभी असे. ती जागा साफ होती.
ही साठावर.
जुबैलची वीज साठाची.
मी चार वेळा पाहिलं.

पुसायला एक बटण पुरे.
मी आपांच्या ओढणीवरून हेडफोन चढवला.
"ह्यो कसला?"
"तिकडच्या खोलीतल्या विजेचा. कापू?"
त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.
"ते बोलाचे थांबतात, तवाबी असतो?"
"असतो."
"मग ऱ्हांदे."

संध्याकाळपर्यंत सहा झाल्या. सगळ्यांत साठ.
आपांनी दर कॅसेटीनंतर फक्त मान हलवली.
बिलात मीठ लावलं नाही,
विठूला मात्र फोन करून सांगितलं, तो हसला.

सातवीत खाली काहीच नव्हतं.
बॅटरीवर भरली असावी, उघड्यावर कुठेतरी.
नुसते ते,
आणि मध्येच, लांबून,
कुणाची तरी खोकल्याची ढास.