दोनशे चाळीस ग्रॅम

बोख्नियात बर्फ पडायला लागला त्या आठवड्यात
मुकादमाच्या अंगावर पहिला ठिपका दिसला.
मुकादम म्हणजे काळी मॉली. बाबांनी ठेवलेलं नाव,
खाणीतल्या एका माणसावरून,
ज्याचं खरं नाव ते अजून उच्चारत नाहीत.
दुसऱ्या दिवशी सात ठिपके. तिसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं.
कुणी वरून भुरभुरलेलं असावं तसा तो,
दगडावर अंग घासत, कल्ले मिटून.

"मीठ लागेल," बाबा म्हणाले.
आई सूप ढवळत होती. ढवळायची थांबली.

वालेंती ग्राबोन, एकतीस वर्षं जमिनीखाली मीठ फोडलं,
आणि डॉक्टरीणबाईंनी एका सहीनं ते तोडलं.
तेव्हापासून आमच्याकडे बीटाचं सूप अळणी, बटाटे अळणी,
नाताळचा कार्पसुद्धा अळणी.
तिघांना एकच पातेलं.
बरणी कुठे असते ते फक्त आईला माहीत.
आणि मला: शिवणयंत्राच्या पोटात.
पण मी खाल्ल्या मिठाला जागते,
नाही खाल्लेल्याही.

"किती?"
"एकशे वीस लिटर. लिटरला दोन ग्रॅम."
"माशांना रक्तदाब नसतो वाटतं."
"आयोडीनचं नको, गेनोवेफा. साधं."

केकच्या दिवशी निघतो तो काटा निघाला.
आई ढीग रचत गेली, बाबा आकड्याकडे बघत राहिले,
बाजारात घोड्याचा सौदा चालावा तसे दोघं.
दोनशे एकोणचाळीस. आई थांबली.
बाबांचे हात पाठीमागे बांधलेले.
आणखी एक खडा.

एकदम ओतायचं नाही. आधी बादलीत विरघळवायचं,
तीन हप्त्यांत, दीड दिवस.
तळ चाटत फिरणाऱ्या दोन कोरींना सोसत नाही,
त्यांना वेगळी बादली, निम्मं मीठ.
हीटर तीसवर. पंप रात्रभर गुरगुरता,
कारण ऊन पाण्यात श्वास कमी.
"खाणीतही आधी हवा," ते म्हणाले, "मग मीठ."

मला वाटायचं, मीठ जाऊन ठिपक्याला खातं.
तसं नसतं. ठिपका कातडीच्या आत,
तिथे मीठ पोहोचत नाही.
तो पिकतो, गळतो, वाळूत गच्च बसतो, फुटतो,
आणि शेकडो बारीक जीव नवं अंग शोधत सुटतात.
बेघर असतात तेवढा वेळ,
तेवढाच, मीठ त्यांना गाठू शकतं.
"म्हणून ऊब," बाबा म्हणाले. "लवकर बाहेर निघावेत."

चौथ्या दिवशी ठिपके वाढले.
पाचव्या दिवशी एक प्लॅटी गेली,
बाबांनी तिला जिरेनियमच्या कुंडीत पुरलं.
कडेची लांब पानं काचेसारखी होऊन सडली.
आठव्या दिवशी मुकादम काळाकुळकुळीत.
"आता बस?" आईनं विचारलं.
"अजून दहा दिवस. दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं."

त्या रात्री मी पाणी प्यायला उठले.
अंधारात बाबा टाकीपाशी,
करंगळी बुडवून जिभेवर ठेवलेली.
वळलेही नाहीत.
"दीड," म्हणाले. "दोन नाही.
परवा पाणी बदललं, तेव्हा तिनं मीठ घातलंच नाही."

सकाळी मी तिखटमीठ न लावता सांगितलं:
पाणी दीडवर आलंय.
"कोण म्हणतं?"
"मुकादम."

आईनं बाबांकडे पाहिलं, बराच वेळ.
मग आमच्यादेखत शिवणयंत्राचं झाकण उघडलं.
साठ ग्रॅम, काटेकोर.
बाबा बादली घेऊन टाकीकडे गेले.
ताटलीला चिकटलेलं तिनं बोटानं पुसून घेतलं
आणि नळाकडे जाता जाता,
माझ्याकडे पाठ करून,
ते बोट तोंडात घातलं.