सांगून जाणं

लोकमान्य नगरात पुणतांबेकरांकडे भेटायला निघालो
तेव्हा आत्यानं जिन्यातच थांबवलं.
ब्याऐंशीची आत्या. गुडघे गेले, नियम शाबूत.
बेल वाजवू नकोस, दार उघडंच असेल.
‘कसे आहात’ विचारू नकोस, ते दिसतंच.
कधी झालं, कसं झालं, आपण होऊन काढू नकोस,
त्या सांगतील.
दहाव्यांदा सांगत असल्या
तरी तू पहिल्यांदा ऐक.
आणि उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही.
अशा कारणानं पुन्हा येणं कुणी मागत नाही.
उठायचं, हात जोडायचे, चपला घालायच्या,
संपलं.

मी छप्पन्न वर्षांचा आहे, बँकेतून निवृत्त झालोय.
‘हो’ म्हणालो
आणि खिचडीचा डबा घेतला.
(डबा परत मागू नकोस, हे तिनं वरून ओरडून सांगितलं.
अख्ख्या गल्लीनं ऐकलं.)

पुणतांबेकरांचं ‘येतो’
चाळीस मिनिटांचं असायचं.
एकदा खुर्चीतून, एकदा उंबऱ्यावरून,
मग फाटकापाशी एक पाय स्कूटरवर टाकून
ते खऱ्या विषयाला हात घालायचे:
जिरावणात हल्ली सुंठ कमी का,
सराफ्यातल्या कुठल्या हलवायानं तूप बदललं,
जावई बंगलोरला आहे म्हणजे नक्की करतो काय.
स्कूटर सुरू करायचे. बंद करायचे.
‘अहो, आत तरी बसा,’ आत्या म्हणायची.
‘छे, छे, निघालोच.’
आत बसून या गोष्टी निघत नसत.

बैठकीत सतरंजी होती, भिंतीला टेकलेली माणसं होती.
त्या घरची चूल बंद, म्हणून
शेजारच्या सोळंकी भाभींनी थर्मास आणलेला.
‘आधा कप तो लो भिया,’ त्या कुजबुजल्या,
आणि मी घेतला,
कारण नको म्हणावं की घ्यावं
हे आत्यानं सांगितलं नव्हतं.

हेमलताताईंनी सांगितलं.
रात्री दूध पिऊन झोपले. सकाळी पेपर दारातच.
मी पहिल्यांदा ऐकलं.
मग खातीपुऱ्याचे मोघे आले, त्यांनाही सांगितलं,
तेच दूध, तोच पेपर.
मी पुन्हा पहिल्यांदा ऐकलं.

लोक उठत होते.
हात जोडत, नजर चुकवत, शब्दाविना.
सगळ्यांच्या घरी एकेक आत्या असणार.
दर वेळी ताईंचे ओठ किंचित उघडायचे,
सेहेचाळीस वर्षं ज्या तोंडानं
‘या हं, सावकाश जा, पायरी बघा’ म्हटलं,
ते तोंड सवयीनं तयार व्हायचं
आणि मिटायचं.
मी हे चार वेळा पाहिलं.

पाचवा मी.
उठलो, हात जोडले, एक चप्पल घातली
आणि दुसरी शोधताना निघून गेलं तोंडातून:
‘येतो.’

मोघ्यांनी छताकडे पाहिलं.
सोळंकी भाभी थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या,
बंद झालेलं झाकण.
माझे कान तापले, शाळेत तापायचे तसे.
माफी मागावी तर तीही इथे मागतात का, ठाऊक नाही.

‘या,’ हेमलताताई म्हणाल्या.
मग जरा मोठ्यानं, ‘या तुम्ही.
सकाळपासून सगळे न सांगता जातायत.
हे सुद्धा न सांगताच गेले.’

त्या उठल्या. उठायचं नसतं त्यांनी.
पदर सावरत उंबऱ्यापर्यंत आल्या,
तिथे थांबल्या, मग पायरीही उतरल्या.
फाटकापाशी आम्ही दोघं उभे.
काय बोलावं ते मला सुचेना.
‘जिरावणात,’ मी म्हणालो, ‘सुंठ खरंच कमी असते हल्ली.’
त्या म्हणाल्या, ‘तेच तर.’

फाटक खाली घासतं.
थोडं उचलून लावावं लागतं, हे त्यांनीच शिकवलेलं.
मी उचललं,
आणि लगेच लावलं नाही.